ओठावरचं लासं: थांबावं की औषध सुरू करावं?

पत्र

माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. नवव्या महिन्यात, पण दिवस भरायच्या चार आठवडे आधी झाली. जन्मतः वजन दोन किलो शंभर ग्रॅम होतं, आता चार किलो आहे. जन्मली तेव्हा अंगावर काहीच नव्हतं. बारशाच्या दिवशी वरच्या ओठावर डावीकडे डास चावल्यासारखा गुलाबी ठिपका दिसला. आता तो लालभडक आणि फुगीर झालाय, दीड सेंटिमीटरचा, आणि नाकपुडीकडे वर सरकतोय. दुसरा डाग उजव्या खांद्यामागे आहे, तो सपाट आहे. इथले डॉक्टर म्हणाले, "हिमँजिओमा आहे, आपोआप जातो, वर्षभर थांबा." मावसबहिणीने शहरातल्या डॉक्टरांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, प्रोप्रॅनोलॉल द्यावं लागेल, लवकर या. ती गोळी तर माझे सासरे हात थरथरतात म्हणून घेतात! मिस्टर म्हणतात, हृदयाचं औषध एवढ्याशा जिवाला नको. त्यांना स्वतःला दमा आहे, म्हणून जास्तच घाबरतात. सासूबाई फोनवर म्हणतात की ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून हे झालं. मुलीची जात आहे, पुढे लग्नाला अडचण नको, असंही म्हणतात. मला रात्र रात्र झोप नाही. नुसत्या दिसण्यासाठी मी बाळाला औषध देणार आहे का? आणि नाही दिलं तर?

— एक आई, तासगाव (सध्या माहेरी)

उत्तर

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मग. ओठावरचा डाग याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा, आणि तपासणीत सगळं ठीक निघालं तर औषध सुरू करा. खांद्यामागचा डाग आहे तसा राहू द्या. एकाच बाळाच्या दोन डागांना मी दोन वेगळी उत्तरं देतेय, कारण हिमँजिओमाच्या बाबतीत आकारापेक्षाही तो कुठे आहे याला महत्त्व असतं.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खोटं नाही. हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींची साधी गाठ, कर्करोग नव्हे. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती होते आणि वाढून झाली की स्वतःहून ओसरते. बहुतेक मुलांमध्ये हे ओसरणं चार वर्षांच्या आसपास पुरं होतं. पण ओसरणं म्हणजे मागे काहीच न उरणं नव्हे. उपचार न केलेल्या हिमँजिओमांपैकी निम्म्याच्या आसपास डाग काही ना काही खूण ठेवून जातात: बारीक लाल शिरा, पातळ सुरकुतलेली कातडी, किंवा हवा गेलेल्या फुग्यासारखी लोंबती, चरबट जागा. खांद्यामागे अशी खूण राहिली तरी पोलक्याखाली झाकली जाते आणि तिच्यामुळे कशाचं काही अडत नाही. वरच्या ओठाची कड मात्र एकदा ताणून बिघडली की ती पुन्हा रेषेत आणणं शल्यचिकित्सकांनाही अवघड जातं. म्हणून "जाईल का?" यापेक्षा "जाईपर्यंत काय करेल, आणि जाताना काय ठेवून जाईल?" हे विचारायला हवं.

आता वर्षभर थांबण्याबद्दल. या गाठींची बरीचशी वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होते. सगळ्यात जोर असतो साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात, आणि तीन महिन्यांपर्यंत बहुतेक गाठी आपल्या अंतिम आकाराच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचलेल्या असतात. पाच महिन्यांनंतर बहुतेकींची वाढ थांबते. औषधाचा खरा उपयोग या वाढीच्या काळात आहे, कारण ते वाढ रोखतं आणि गाठ मागे हटवतं. वर्षाने दिलं तर थोडा फायदा होतो, पण तोवर ताणलेली कातडी ताणलेलीच राहते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा जोखमीच्या जागेवरचा हिमँजिओमा बाळ महिन्याचं होईपर्यंत जाणकारांनी पाहावा, असं त्यांत म्हटलं आहे. तुम्ही अडीच महिन्यांवर आहात. उशीर झाला म्हणून घाबरू नका, वेळ अजून हातात आहे. पण ती महिन्यांत मोजू नका, आठवड्यांत मोजा.

तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका, हेही सांगते. "थांबा, जातं" हा सल्ला वैद्यकशास्त्राने पिढ्यान्‌पिढ्या दिला, आणि तेव्हा तो शहाणपणाचाच होता. कारण हातात होतं काय? महिनोन्‌महिने तोंडावाटे स्टेरॉइड, ज्याने बाळ सुजतं, वाढ खुंटते, जंतुसंसर्ग होतो. किंवा रक्ताने भरलेल्या गाठीवर शस्त्रक्रिया. त्यापेक्षा डाग बरा. हे चित्र बदललं ते फ्रान्समधल्या बोर्दो शहरात. नाकावर हिमँजिओमा असलेलं एक मूल तिथे स्टेरॉइडवर होतं आणि त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला. हृदयासाठी म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिलं, तर दुसऱ्याच दिवशी नाकावरची लाल गाठ जांभळट आणि मऊ पडली. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनी हे हेरलं आणि २००८ साली ११ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. २०१५ साली त्यांच्याच पुढाकाराने ४६० बाळांवर केलेल्या चाचणीचे निकाल आले. सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी ६० टक्के बाळांचा हिमँजिओमा पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेला होता. नुसतं दिखाऊ, म्हणजे औषधी घटक नसलेलं औषध मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण होतं ४ टक्के. तुमच्या गावच्या डॉक्टरांनी शिक्षण घेतलं असेल तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

राहिला तुमच्या मिस्टरांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. बाप घाबरतो तेव्हा त्याला "काही होत नाही हो" म्हणून गप्प करू नये. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं आणि रक्तदाबाचं औषध म्हणून १९६० च्या दशकात आलं. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. म्हणजे हे औषध जुनं आहे आणि डॉक्टर त्याला चांगलं ओळखतात. बाळांच्या हिमँजिओमासाठी वापरायलाही आता बराच काळ लोटला, आणि पुढे या मुलांच्या वाढीवर किंवा बुद्धीवर वाईट परिणाम झाल्याचं अभ्यासांतून ठळकपणे दिसलेलं नाही. तरीही हे औषध गंभीरपणे घ्यायचं आहे, आणि त्यात सगळ्यात जपायची गोष्ट हृदय नसून रक्तातली साखर आहे.

उपाशी बाळाला हे औषध दिलं तर साखर खाली जाऊ शकते. शिवाय साखर उतरल्यावर छातीची धडधड वाढते ती या औषधामुळे झाकली जाते, म्हणून खूण पटकन कळत नाही. यासाठी नियम एकच, पण तो मोडायचा नाही: आधी दूध, मग औषध. दूध पाजताना किंवा पाजून झाल्याबरोबर द्यायचं. रात्री बाळ गाढ झोपलं म्हणून "झोपू दे बिचारीला" असं करून सलग सहा-सात तास सोडायचं नाही. तुमच्या बाळाच्या वयात चार-पाच तासांनी उठवून पाजायचंच. बाळ दूध घेत नसेल, उलट्या होत असतील, तर तो डोस चुकवायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. डोस दिल्यावर थोडं ओकलं तर अंदाजाने पुन्हा द्यायचं नाही. अंग गार पडून घाम येणं, थरथर, उठवूनही न उठणं, झटका, ओठ निळसर होणं किंवा श्वासाला घरघर, यातलं काहीही दिसलं तर औषध थांबवून सरळ दवाखाना गाठायचा. हातपाय जरा गार लागणं, झोप अस्वस्थ होणं हे मात्र बऱ्याच बाळांत होतं आणि तेवढ्याने भिण्यासारखं काही नसतं.

वडिलांच्या दम्यामुळे बाळाला औषध वर्ज्य होत नाही. बाळाला स्वतःला धाप, घरघर असेल तर प्रश्न वेगळा. तरी दम्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि घरात कुणाला हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल तर तोही. ते बाळाचे ठोके मोजतील, रक्तदाब बघतील, छाती ऐकतील. प्रत्येक बाळाला ईसीजी लागतोच असं नाही. ठोके मंद असले किंवा घराण्यात तसा इतिहास असला तर काढतात. तुमची मुलगी चार आठवडे आधी जन्मली, त्यामुळे तिचं वय मोजताना ते चार आठवडे वजा करतील. तसं केलं तरी ती सहा-सात आठवड्यांची भरते, म्हणजे औषध सुरू करण्याजोगी. काही डॉक्टर पहिल्या डोसानंतर एक-दोन तास दवाखान्यात बसवून ठोके पाहतात, काही एखादा दिवस दाखल करून घेतात. दोन्ही बरोबर आहे. दाखल केलं म्हणजे बाळ गंभीर आहे असं समजू नका.

सासऱ्यांच्या गोळीबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. औषध तेच आहे, म्हणून घरातली गोळी फोडून "चिमूटभर" देण्याचा विचार कुणाच्याही मनात येता कामा नये. बाळाचा डोस वजनावर ठरतो, कमी मात्रेने सुरू करून वाढवत न्यावा लागतो, आणि वजन वाढेल तसा पुन्हा मोजावा लागतो. मोठ्या माणसाची चाळीस मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या बाळाच्या दिवसभराच्या मात्रेच्या कितीतरी पट असते. बाळांसाठीचं पातळ औषध सगळीकडे मिळत नाही. न मिळाल्यास गोळीपासून द्रव कसा करायचा ते डॉक्टर किंवा औषधविक्रेता दाखवेल. त्यांच्यासमोर स्वतः सिरिंज भरून दाखवा आणि नेमकी रेघ लक्षात ठेवा. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत हीच या उपचारातली सगळ्यात घातक चूक आहे. बाटली बदलली, तर औषधाची ताकद तीच आहे ना हे दर वेळी वाचा. डोस देणारं माणूस शक्यतो एकच ठेवा, आणि दिला की कॅलेंडरवर खूण करा. आजीने एकदा आणि आईने एकदा असं व्हायला नको.

औषध निदान सहा महिने चालतं, बरेचदा पहिल्या वाढदिवसापर्यंत. रंग फिका पडणं, मऊ होणं पहिल्या काही दिवसांतच जाणवतं, आणि तिथेच घरची माणसं म्हणतात, "झालं की, आता बंद करा." मधेच सोडू नका. लवकर थांबवलं तर गाठ पुन्हा डोकं वर काढते. पुरा काळ देऊनही काही बाळांत थोडी परत येते, मग आणखी काही महिने द्यावं लागतं. लसी ठरल्या वेळी द्यायच्या, या औषधामुळे त्या पुढे ढकलायची गरज नाही. तुम्ही माहेरी आहात आणि काही दिवसांत सासरी जाल. उपचार कुठे सुरू करायचा हे ठरवताना तेवढं लक्षात घ्या. डॉक्टर बदलले तरी चालेल, पण वजन, डोस आणि तारखा लिहिलेला कागद तुमच्याबरोबर गेला पाहिजे. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून लांब नाही. गोळी स्वस्त असते. यात पैशापेक्षा खेपा जास्त पडतात.

काचबिंदूसाठी डोळ्यात घालतात ते टिमोलॉलचे थेंब लहान, पातळ, सपाट हिमँजिओमावर बाहेरून लावतात, आणि बऱ्याच आया "तेच द्या ना" म्हणतात. तुमच्या बाळाचा ओठावरचा डाग फुगीर आहे आणि तोंडाशी आहे, चाटून थेंब पोटात जाऊ शकतात. त्यामुळे तिथे मी ते सुचवणार नाही. लेझरचा उपयोग नंतर उरलेल्या बारीक शिरांसाठी होतो. शस्त्रक्रिया लागलीच तर ती बहुधा मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर. आज त्यातलं काही ठरवायचं नाही.

"नुसत्या दिसण्यासाठी" हे शब्द तुमच्या पत्रात वाचले आणि वाईट वाटलं. ओठ हा बाळाचा चोखण्याचा अवयव आहे. ओठावरचे हिमँजिओमा फुटून तिथे जखम होण्याचा धोका इतर जागांपेक्षा जास्त असतो, आणि ही जखम फार दुखते. बाळ स्तनाला लागतं, किंचाळतं, सोडून देतं, वजन थांबतं. बरी झाली की वण ठेवते. हे बहुतेक वेळा चौथ्या महिन्याच्या सुमारास होतं, म्हणजे तुमच्यासमोर अजून तो काळ यायचाय. आणि समजा हे काहीच नसतं, नुसता चेहऱ्याचाच प्रश्न असता, तरी काय? चेहरा घेऊन माणसाला आयुष्य काढायचं असतं. तीन-साडेतीन वर्षांचं मूल बालवाडीत "तुझ्या ओठाला काय झालं?" हे ऐकायला लागतं. ते टाळायची आईची इच्छा हा छचोरपणा नाही. मात्र सासूबाईंच्या लग्नाच्या मुद्द्याशी मी अजिबात सहमत नाही. ही मुलगी नसून मुलगा असता तरी मी हेच, याच घाईने सांगितलं असतं. उपचार तिच्या ओठासाठी आहे, भावी सोयरिकीसाठी नाही.

आणि ग्रहण. ताई, तुम्ही भाजी चिरली म्हणून हे झालेलं नाही. जगात ग्रहणाची गोष्ट न ऐकलेल्या बायकांच्या बाळांनाही हिमँजिओमा होतो. तो मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त होतो, दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांना आणि कमी वजनाच्या बाळांना जास्त होतो. तुमच्या लेकीच्या बाबतीत तिन्ही गोष्टी जुळल्या. त्यातली एकही तुमच्या विळीने ठरवलेली नाही. सासूबाईंशी यावरून वाद घालत बसू नका, त्यांना दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात जास्त टिकतं. त्यांनी पुढे रात्रीच्या दुधाची आठवण ठेवली तर तुम्हाला मोठाच आधार होईल.

दाखवायला जाईपर्यंत काय करायचं? डागावर बिब्बा, चुना, कुठलाही लेप, कसलाही पाला लावायचा नाही. बिब्ब्याने तर धड कातडीलाही फोड येतात. मालिश चालू ठेवा, पण मालिशवाल्या मावशींना सांगा की दोन्ही जागा चोळायच्या नाहीत. शेक देताना तिथे चटका लागू देऊ नका. बाळाची नखं बारीक ठेवा. ओठावर दिवसातून दोन-तीनदा साधी पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे कोरडं पडून तडकणार नाही. रक्त आलंच तर स्वच्छ कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. मधेमधे उचलून बघितलं की पुन्हा वाहतं. बहुतेक वेळा एवढ्याने थांबतं. न थांबल्यास दवाखाना. डागाचा मधला भाग पांढुरका किंवा करडा दिसायला लागला तर ती जखम होण्याची पूर्वसूचना असू शकते, मग ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

जाण्याआधी बाळाला उघडं करून नीट बघा. आणखी डाग आहेत का? त्वचेवर पाच किंवा जास्त असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात, कारण तसे आतही असू शकतात. हनुवटी, जबडा, गळा या दाढीच्या जागेवर लाली पसरलीय का? श्वास घेताना आवाज येतो का, रडणं घोगरं झालंय का? तसं असेल तर श्वासनलिकेत हिमँजिओमा आहे का ते तातडीने पाहावं लागतं. कमरेखाली मणक्यावर, डोळ्याच्या पापणीवर काही आहे का तेही बघा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, पण मी बाळ पाहिलेलं नाही. आणि मी जे काही लिहिलं ते हा हिमँजिओमाच आहे हे धरून. जन्मापासून असलेला, सपाट, बाळाबरोबर फक्त तेवढाच वाढणारा लाल-जांभळा डाग वेगळा असतो, आणि त्याला हे औषध लागू पडत नाही. तुमच्या वर्णनात जन्मतः काही नव्हतं, मग उगवलं आणि झपाट्याने वाढलं, हे हिमँजिओमाशी तंतोतंत जुळतं.

खांद्यामागच्या डागाचा आणि ओठाचा आठवड्यातून एकदा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा. जुने फोटो पुसू नका. बारशाचेही घेऊन जा, त्यावरून वाढीचा वेग डॉक्टरांना एका नजरेत कळेल. मिस्टरांना सुट्टी काढून त्या दिवशी यायला सांगा, म्हणजे त्यांच्या शंका तुमच्यामार्फत न जाता ते स्वतःच विचारतील. तपासून डॉक्टर म्हणाले की वाढ थांबलेली दिसतेय, ओठाच्या कडेला धक्का नाही, औषधाशिवाय बघू, तर तेही ऐका. समोर बाळ पाहिलेल्या माणसाचं मत माझ्यापेक्षा वजनदार आहे. फक्त "का" ते विचारून घ्या, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायची तारीख हातात घेतल्याशिवाय तिथून उठू नका.